चारशे बारा कागद आणि एक केबिन

१८ ऑगस्ट २०२५, सोमवार

आजपासून रोजनिशी. शिस्त स्वतःपासून सुरू करावी म्हणून आधी या वहीलाच नंबर दिला. डॉक्युमेंट क्र. अतु-००१, व्हर्जन १.०. लिहिणार अभय तुपे. तपासणार अभय तुपे. मंजुरी अभय तुपे. वाचणार अभय तुपे. चारही सह्या आजच करून टाकल्या, पुढं खोळंबा नको.

सकाळी बनकर सरांनी बोलावलं. सर म्हणजे आमच्या डेटा सेंटरचे जीएम. कायम एक फोन कानाला, दुसरा हातात. ७ ऑक्टोबरला सर्टिफिकेटचं ऑडिट आहे, पुण्याहून ऑडिटर येणार. आपली चारशे बारा डॉक्युमेंट्स आहेत, प्रत्येक वर्षातून एकदा उघडून तपासायचं असतं, किती झाली, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, सर, काम प्रगतिपथावर आहे. खरा आकडा शून्य. पण शून्यावरूनच प्रगती होते. शंभरावरून कुठं जाणार?

मग सर मुद्द्यावर आले. मोठी एनसी एकही निघाली नाही तर मला कायम करणार. डेप्युटी मॅनेजर. शिवाय पँट्रीशेजारची काचेची केबिन. प्रोबेशन दोनदा वाढवून झालंय, तिसऱ्यांदा वाढवायची मलाच लाज वाटेल, असं सर म्हणाले. माणूस दिलदार आहे.

संकल्प: रोज दहा डॉक्युमेंट्स. बेचाळीस दिवसांत खलास. हातात पन्नास आहेत. उरलेले आठ दिवस राखीव.

नियमाप्रमाणे व्याख्या लिहून ठेवतो, म्हणजे पुढं माझाच गोंधळ नको.
एनसी: ऑडिटरनं काढलेली चूक. छोटी असते, मोठी असते.
कंट्रोल्ड कॉपी: ज्या कागदाला नंबर, तारीख, मालक आणि माझा लाल शिक्का आहे तो. बाकी सगळे कागद बेवारस.
सुरेखा: पत्नी. शिक्का चालत नाही.

१९ ऑगस्ट

तपासली: ०. आज एक्सेलमध्ये ट्रॅकर बनवला. ट्रॅकरशिवाय काम करणं म्हणजे अंधारात भाकरी थापणं.

२० ऑगस्ट

तपासली: ०. ट्रॅकरला रंग दिले. झालेलं हिरवं, राहिलेलं लाल. सगळाच तक्ता लाल दिसायला लागला, मन खचलं. राहिलेल्याला फिकट गुलाबी केलं. आता बघवतं.

२१ ऑगस्ट

तपासली: २. एक 'पाहुण्यांसाठी चप्पल ठेवण्याची कार्यपद्धती', दुसरं 'पँट्रीतील पाण्याचा जार बदलणे'. दोन्हीत चूक नाही. सुरुवात दमदार झाली.

२५ ऑगस्ट, सोमवार

आज बेवारस कागदांवर धाड घातली. ऑडिटरला भिंतीवर एखादा बिननंबरी कागद दिसला की संपलं, म्हणून अख्खी बिल्डिंग पालथी घातली. सर्व्हर हॉलमध्ये एक, सिक्युरिटीकडं तीन, पँट्रीत 'चहा ज्यानं त्यानं घ्यावा' एक. सगळे जप्त.

खरी शिकार जनरेटर रूममध्ये सापडली. पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला. २०१९ च्या कॅलेंडरचं पान, त्याच्या पाठीवर लिहिलेलं. तीन रंगांची शाई, ठिकठिकाणी खाडाखोड, डिझेलचे डाग, आणि खाली कोपऱ्यात कुंकवाचे ठिपके. नंबर नाही. तारीख नाही. मालक नाही. लाईट गेल्यावर जनरेटर आपोआप सुरू झाला नाही तर हातानं कसा सुरू करायचा, ते लिहिलंय. आणि काय लिहिलंय!

'१. आधी वास घे. डिझेलचा आला तर हात लावू नको. २. खालचा पिवळा व्हॉल्व्ह आडवा कर, सर्व्हिसवाले बंद ठेवून जातात. ३. पाच मोज. घाई करू नको. ४. हिरवं बटण. ५. पट्ट्याचा आवाज ऐक. चिरचिर आली तर बंद कर अन् मला फोन कर.'

वास घे! वासाला युनिट आहे का? आणि 'मला' म्हणजे कोणाला?

'मला' म्हणजे सांडूमामा. सांडू दांडगे, जनरेटर टेक्निशियन, कॉन्ट्रॅक्टवर, फर्दापूरचे. वय पंचावन्न, खिशात कायम एक फडकं. त्यांना समजावलं की या कामासाठी अधिकृत एसओपी, म्हणजे लेखी कार्यपद्धती आहे, ईएल-०२७, चौदा पानी, आकृतीसह. मामा म्हणाले, असंल. मी कागद काढायला लागलो तर ते फडक्यानं हात पुसत म्हणाले, "न्या सायेब. पर लाईट गेल्यावर कागद कुनाकडं मागायचा, तेवढं सांगून ठिवा."

मी म्हणालो, फॉर्म एफ-०७ भरायचा, डॉक्युमेंट मागणी अर्ज. मामा म्हणाले, व्हय. असा सहकार्य करणारा माणूस विरळा.

कागद माझ्या ड्रॉवरमध्ये कुलूपबंद.

१ सप्टेंबर

तपासली: ०. घरी महालक्ष्म्यांचं जेवण. सोळा भाज्या असल्यावर डॉक्युमेंट कोण उघडणार?

सुरेखाच्या स्वयंपाकघरात येसराच्या मसाल्याचा एक चिठोरा मिळाला. सासूबाईंच्या हातचा, त्यावर 'अंदाजानं' हा शब्द चार वेळा. मालक नाही, व्हर्जन नाही. मी सुधारणा सुचवली. सुरेखा शाळेत मास्तरीण आहे, सुधारणा ती करते, ऐकून घेत नाही. तिनं चिठोरा माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाली की आईनं कागद बघून येसर कधी केलाच नाही, कागद तुझ्यासारख्यांसाठी आहे. यात कौतुक होतं असं वाटतं.

५ सप्टेंबर, शुक्रवार

एकूण तपासली: ९. गती वाढवावी लागणार.

औरंगपुऱ्यात गेलो. जाणं भागच होतं, चष्म्याचा स्क्रू ढिला झाला होता. चष्म्याच्या दुकानाशेजारी पाट्या करणारे चाचा बसतात. सहज भाव विचारला. पितळी पाटी, कोरलेली अक्षरं, वर दोन भोकं आणि साखळी. काचेच्या दारावर खिळा मारता येत नाही, त्यामुळं साखळीच पाहिजे, हा विचार मीच केला. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

'अभय तुपे, डेप्युटी मॅनेजर.'

सुरेखाला सांगितलं. ती म्हणाली की आधी केबिन मिळू दे, मग पाटी. मी म्हणालो की सण लागले की चाचांकडं गर्दी होते. तिनं जे बघितलं त्याला नजर म्हणणं कमी पडेल. पाटी तिच्या साड्यांच्या कपाटात, खालच्या खणात ठेवली. स्क्रूचं राहिलंच.

१० सप्टेंबर, बुधवार

आज डॉक्युमेंट कंट्रोलनं डेटा सेंटर वाचवलं. सविस्तर लिहितो, पुढंमागं कामाला येईल.

दुपारी दोन वीसला लाईट गेली. जनरेटर आपोआप सुरू व्हायला पाहिजे, झाला नाही. सकाळीच सर्व्हिसवाले येऊन गेले होते. बॅटऱ्या पंधरा मिनिटं टिकतात, मग अख्ख्या हॉलमधले सर्व्हर बंद. ड्यूटीवर शिफ्ट इंजिनिअर निशा. पोरगी हुशार, पण तोंडानं फटकळ. सांडूमामा वडिलांच्या पित्तरासाठी गावाकडं निघालेले, एसटी अजिंठ्याच्या घाटात, फोनला रेंज नाही.

निशानं माझी ईएल-०२७ उघडली आणि पहिल्या पानापासून सुरू केलं. सातव्या पानावर कळालं की त्यातला जनरेटर दुसराच आहे. २०१७ चा. तो २०१९ ला भंगारात गेला, नवा आला. नवा आला हे मला कोणी लेखी कळवलं नव्हतं.

तिनं मला फोन केला आणि मामांचा कागद मागितला. मी शांतपणे सांगितलं की एफ-०७ भर. तिनं जे उत्तर दिलं ते इथं लिहीत नाही, या वहीचं व्हर्जन खराब होईल. अशा वेळी लवचीक राहावं लागतं. तोंडी मागणी ग्राह्य धरली. मग ड्रॉवरची किल्ली सापडेना. ती डब्याच्या पिशवीत निघाली. कागद काढला आणि फोनवर वाचून दाखवला. वास घे. पिवळा व्हॉल्व्ह आडवा कर. व्हॉल्व्ह बंदच होता. पाच मोज. मी सात मोजले. हिरवं बटण.

सुरू झाला. बॅटऱ्यांची दोन मिनिटं शिल्लक होती.

कागद सुरक्षित ड्रॉवरमध्ये होता म्हणूनच वेळेवर मिळाला. दारावर असता तर कोणीही घेऊन गेलं असतं.

निशा म्हणते की कागद परत दारावर लावा. तिला एक झेरॉक्स दिली, 'फक्त माहितीसाठी' असा शिक्का मारून.

११ सप्टेंबर

ईएल-०२७ नव्यानं लिहायला पाहिजे. संकल्प: या रविवारी.

१४ सप्टेंबर, रविवार

मेव्हणे आले होते.

१६ सप्टेंबर, मंगळवार

मामांच्या मूळ कागदाचा कायमचा बंदोबस्त करायचं ठरवलं. ऑडिटमध्ये ड्रॉवर उघडा म्हणाले तर? नष्ट करणं उत्तम.

पण मी नियमानं चालणारा माणूस. नष्ट करायला एफ-१९ लागतो. एफ-१९ मध्ये डॉक्युमेंटचा नंबर लागतो. या कागदाला नंबरच नाही. म्हणजे जो जन्मलाच नाही त्याला मारता येत नाही. तेव्हा आधी त्याला जन्म द्यावा लागणार.

सॉफ्टवेअरमध्ये नोंद केली. स्कॅन चढवलं, डागांसकट, ठिपक्यांसकट. नंबर मिळाला ईएल-११३. मालक: सांडू दांडगे. 'कोणत्या जुन्या डॉक्युमेंटच्या जागी' अशी एक चौकट होती, तिच्यावर लाल चांदणी, भरल्याशिवाय पुढं जाऊ देईना. ईएल-०२७ टाकलं. फॉर्म पुढं सरकवण्यापुरतं.

मालकाची सही पाहिजे. मामा सही करताना हरखले. त्यांना वाटलं कागदाला मान मिळाला. मी खुलासा केला नाही, म्हातारपणी कशाला मन दुखवायचं? मग मंजुरीसाठी बनकर सरांकडं. सर टोलनाक्यावरच्या लाईनीत होते, मोबाईलवरून एका दमात बावीस डॉक्युमेंट्स मंजूर केली. त्यात हेही.

आता एफ-१९. सॉफ्टवेअर म्हणतं, नवं डॉक्युमेंट तीस दिवसांच्या आत नष्ट करता येत नाही. म्हणजे १६ ऑक्टोबर. ऑडिट ७ ला. हरकत नाही. चारशे तेरांच्या गर्दीत हे एक कोणाला दिसतंय?

२४ सप्टेंबर

एकूण तपासली: १४. राखीव आठ दिवस संपले, त्यातले तीन कशात गेले ते आठवत नाही.

बनकर सरांनी विचारलं, मी म्हणालो, शेवटच्या टप्प्यात आहे सर. टप्पा शेवटचाच आहे, फक्त तो मोठा आहे.

३० सप्टेंबर, मंगळवार, संध्याकाळी ६

उरली ३९८. हातात सहा दिवस, त्यात दसरा. रोज सहासष्ट पडतात. माणूस आहे का मशीन?

विचार केला. तपासणं म्हणजे काय? अनुभवी माणसाला शीर्षकावरून मजकूर कळतो. भात शिजला का बघायला एकच शीत दाबतात, अख्खी पातेली कोणी दाबत नाही.

संध्याकाळी ७.३०

झाली! सगळी! उघडायचं, शीर्षक वाचायचं, 'तपासले' बटण दाबायचं, पुढचं. मध्ये चहासुद्धा घेतला नाही. ट्रॅकर आरपार हिरवा. डोळे भरून आले. दीड महिना उगाच घाबरलो.

एकच शंका. ३९८ असायला पाहिजेत, यादीत ३९७ निघाली. ईएल-०२७ दिसलीच नाही. सॉफ्टवेअरची चूक असणार. एकानं काय होतंय.

१ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी

कंपनीत शस्त्रपूजा. जनरेटरला झेंडूच्या माळा, सर्व्हर हॉलच्या दाराला तोरण. आपलं शस्त्र कोणतं? शिक्का आणि फायली. मी सगळ्या फायलींचा ढीग टेबलावर मांडला आणि वरच्या फायलीला हळदकुंकू लावून एक फूल वाहिलं. एका फुलात चारशे बारा. शिक्क्यालाही कुंकू लावलं. आता उमटवला की अक्षराऐवजी नुसता लाल गोळा येतो. वाळल्यावर बरा होईल.

सांडूमामांनी सकाळीच येऊन कागद मागितला. दरसाल नवमीला तो पूजेत असतो म्हणे. रीतसर एफ-०७ भरून घेतला, उद्देश: पूजा. मामांनी तो जनरेटरपुढं धरून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. प्रत्येक ओळ वाचायची, त्या जागी हात लावून बघायचा, निशाला हात लावायला लावायचा. पाचव्या ओळीशी थांबले. पट्टा मार्चमध्ये बदललाय, नवा पट्टा ढिला पडला की चिरचिरत नाही, थडथडतो. 'चिरचिर' खोडलं, 'थडथड' लिहिलं. मग कुंकवाचा ठिपका लावला. चाळीस मिनिटं! पेढे तोवर उन्हात. मी दोनदा घड्याळ बघितलं.

कागद परत मागितला तर निशानं तो केव्हाच दारावर चिकटवला होता. सणाचा दिवस, वाद नको म्हणून सोडून दिलं. ऑडिटच्या आदल्या दिवशी काढतो.

६ ऑक्टोबर, सोमवार

कागद काढायचा राहिला. दिवसभर शर्टाला इस्त्रीवाला सापडत नव्हता.

पाटी कपाटातून काढून ब्रासोनं पुसली. सुरेखा वह्या तपासत होती. प्रत्येक वही उघडून, पानं उलटून, खाली लाल शाईनं काहीतरी लिहीत होती. मी म्हणालो, शीर्षकावरून मार्क दे, लवकर आटपेल. ती म्हणाली की मग पोरंपण शीर्षकच लिहितील. तिला ऑफिसचं काम कळत नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार, सकाळी ८

आजचा दिवस. पाटी डब्याच्या पिशवीत बरोबर घेतली.

रात्री ८

ऑडिटर म्हणजे सोनिया मॅडम. चाळिशीच्या, हातात स्टीलची पाण्याची बाटली, आवाज एकदम हळू. मी सुरुवातीलाच हिरवा ट्रॅकर दाखवला. मॅडम म्हणाल्या, सुंदर रंग आहे. मग म्हणाल्या की जनरेटर हातानं सुरू करायची कार्यपद्धती दाखवा.

चारशे तेरातून हेच! मी ईएल-०२७ शोधलं. सॉफ्टवेअरनं लिहिलं: 'रद्द. १६ सप्टेंबर. याच्या जागी ईएल-११३.' रद्द कोणी केलं? तर मीच. त्या चांदणीच्या चौकटीत. आणि पडद्यावर आलं ईएल-११३: कॅलेंडरची पाठ, डिझेलचे डाग, 'आधी वास घे.'

माझ्या तोंडून निघालं की हे चुकून आहे, हे मी नष्ट करणार होतो. मॅडमनी लिहून घेतलं. मी बोललो की त्या लिहितात, हे तेव्हा कळालं.

मग म्हणाल्या, चला, जनरेटरपाशी जाऊ. दारावर मूळ कागद. सांडूमामा उभे. मॅडमनी ओळ वाचायची, मामांनी करून दाखवायचं. वास. व्हॉल्व्ह. पाच. बटण. सुरू. पट्टा थडथडत नव्हता, ठीक आहे. मॅडमनी पडद्यावरचं स्कॅन आणि दारावरचा कागद शेजारी शेजारी धरले. स्कॅनवर सहा ठिपके, कागदावर सात. हे काय, असं त्यांनी मामांना विचारलं. मला वाटलं आता आभाळ कोसळणार.

मामा म्हणाले, "दर नवमीला मशिनीम्होरं हा कागद मोठ्यानं वाचतो, म्याडम. बदललं आसंल ते खोडतो, नवं लिवतो. समदं बरूबर निघालं तरच कुंकू लावतो. खोट्यावर कुंकू कसं लावावं?"

मला एकदम माझा फायलींचा ढीग आठवला. का आठवला, कोण जाणे.

मॅडमनी ठिपके मोजले. २०१९ ते २०२५, सात वर्षं, सात. मग सॉफ्टवेअरमधून एक यादी काढायला सांगितली: कोणतं डॉक्युमेंट कोणी किती वाजता तपासलं. असली यादी निघते हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

बनकर सर शेजारीच होते. एक फोन कानाला होता, तो त्यांनी खाली घेतला. असं मी पहिल्यांदा पाहिलं. मॅडम त्याच हळू आवाजात म्हणाल्या, "सर, या एका कागदावर सात वर्षांचे सात ठिपके आहेत. आणि यांच्या तीनशे सत्त्याण्णव डॉक्युमेंट्सवर प्रत्येकी अकरा सेकंद आहेत."

पिशवीत पाटी होती. घरी येईपर्यंत पिशवी जड लागत होती.

८ ऑक्टोबर

मोठी एनसी: एक. ती माझी.
कौतुकाची नोंद: एक. ईएल-११३. 'प्रत्यक्ष वापरणाऱ्यानं, प्रत्यक्ष यंत्रापुढं, दरवर्षी तपासलेलं, या जागेवरचं एकमेव डॉक्युमेंट.'

खोलात जाऊन बघितलं तर ईएल-११३ सॉफ्टवेअरमध्ये आणलं कोणी? मी. नंबर दिला कोणी? मी. कौतुक पन्नास टक्के माझं आहे. हे बनकर सरांना सांगायला गेलो. सरांनी दोन्ही फोन टेबलावर पालथे ठेवले होते. मी न सांगता परत आलो.

प्रोबेशन सहा महिने वाढलं. तिसऱ्यांदा.

घरी सुरेखाला सांगायचं नव्हतं. बूट काढतानाच तिला कळालं. संध्याकाळी तिनं येसराची आमटी केली, अंदाजानं. मी तीन वाट्या प्यालो. वाईट वाटलं, खरंच वाईट वाटलं. अकरा सेकंद हा आकडा डोक्यातून जात नाही. ती वह्या तपासत बसलेली दिसत होती आणि मला तिच्याकडं बघवेना.

९ ऑक्टोबर

संकल्प: कोणताही संकल्प करायचा नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

बनकर सरांची नवी योजना. ऑडिटरला साठ दिवसांत उत्तर द्यायचंय. सगळी डॉक्युमेंट्स सांडूमामांच्या पद्धतीनं तपासायची. जे काम जो माणूस करतो त्याला बोलवायचं, मशीनपुढं उभं करायचं, मोठ्यानं वाचायचं, चुकलं ते खोडायचं. मामांना कॉन्ट्रॅक्टवरून कंपनीत घेतलं, पद 'कार्यपद्धती मार्गदर्शक'. बसायला जागा पाहिजे म्हणून पँट्रीशेजारची काचेची केबिन.

लिहून घ्यायला मी. आत एक स्टूल ठेवलंय.

सर म्हणाले, तुपे, दारावर मामांच्या नावाची पाटी पाहिजे. पितळी पाट्यांचं तुम्ही फार सांगत होता ना मध्ये, तुमची ओळख दिसते, तुम्हीच आणा. मी होय म्हणालो.

१५ ऑक्टोबर

औरंगपुऱ्यात गेलो. माझी पाटी चाचांपुढं ठेवली आणि विचारलं, ही परत घेऊन हिच्या बदल्यात दुसरी देता का? चाचांनी ती चष्म्यावरून बघितली, मग मला बघितलं. म्हणाले, "नाम कट गया सो कट गया साहब, पीतल वापस नै होता. पीछे की बाजू कोरी है, उसपे मारके देतौं."

म्हणजे मामांचा कागद कॅलेंडरच्या पाठीवर आणि पाटी माझ्या पाठीवर. दिली करायला. चष्म्याचा स्क्रू मात्र आज बसवून घेतला.

१६ ऑक्टोबर

सॉफ्टवेअरचा मेसेज आला: 'ईएल-११३ आता नष्ट करता येईल.' मी मेसेज नष्ट केला.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

पाटी लावली. साखळी काचेच्या दारावर नीट बसली, ती दूरदृष्टी वाया गेली नाही. मामा बाहेर उभे राहून स्वतःचं नाव बराच वेळ बघत होते. मग फडक्यानं एकदा पुसलं. फर्दापूरच्या घरी फोटो पाठवायला सांगितला, मीच काढून दिला.

सकाळी अकराला काम सुरू. पहिलं डॉक्युमेंट: 'पँट्रीतील पाण्याचा जार बदलणे.' ऑगस्टमध्ये मी हे तपासून बिनचूक ठरवलं होतं. पँट्रीतल्या सरिताताईंनी ऐकून सांगितलं की जार बंद होऊन दोन वर्षं झाली, आता भिंतीवर फिल्टर आहे. खोडलं. एका डॉक्युमेंटला पन्नास मिनिटं.

आज तपासली: १. उरली: ४११.

बाहेरून येणाऱ्याला दारावर 'सांडू दांडगे' दिसतं. आत स्टुलावर बसलं की काचेतून बरोबर डोळ्यांसमोर पाटीची दुसरी बाजू येते. मामांचंही तिकडं लक्ष गेलं. सवयीप्रमाणं बोट ठेवून त्यांनी विचारलं, "सायेब, हे बी मोठ्यानं वाचायचं का?"

मी म्हणालो, नको मामा. त्याला अजून मंजुरी नाही.